वजा दोन सेकंद

शेतीपंपाची थ्री-फेज लाईट आठ तास असते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. वसमत तालुक्यातला शेतकरी हे वेळापत्रक तोंडपाठ करतो, पण त्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून प्रत्येकाच्या स्टार्टरच्या पेटीत ऑटोस्विच नावाचा एक छोटा डबा असतो. मालक घरी घोरत असो, लग्नात पंगतीला बसलेला असो की नांदेडच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेला असो, लाईट आली की डबा मोटार चालू करतो. अडचण एवढीच, की एका डीपीवरचे, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे डबे एकाच क्षणी जागे होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. अशा सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपी एकदाच मोठ्यानं काहीतरी बोलते आणि मग कितीतरी दिवस बोलतच नाही. महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. आमच्या डीपीवरच्या एकूण एक शेतकऱ्याला हे मनापासून पटलेलं आहे. प्रत्येकाचं म्हणणं एवढंच, की शेजाऱ्यानं आधी काढावा.

या प्रश्नाला मी हात घालायचं काही कारण नव्हतं. मी पुण्यात ई अँड टीसी शिकलो, एम्बेडेडमध्ये नोकरीला लागलो आणि घरून काम करायची मुभा मिळाल्यावर वसमतला येऊन बसलो. गावाच्या हिशेबी मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे. त्यामुळे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणे, सातबारा डाऊनलोड करणे, कुणाच्या तरी आजीचा अंगठा केवायसीला उमटत नाही म्हणून तो कोमट पाण्यानं धुवायला लावणे, ही सगळी कामं माझ्याकडे येतात. माझं खरं काम काय, हे कुणी विचारत नाही. कधी तरी विचारतील आणि मग दाखवून देऊ, अशी एक इच्छा मनात होती. माणसाचं नुकसान अशाच इच्छेपायी होतं.

हळद जूनमध्ये लावली की जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत रानात असते आणि त्यातला बहुतेक काळ पाणी मागत राहते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी ते काकांना अभिमानानं सांगितलं. काका म्हणाले, "मानांकनावर मोटार चालती का?" त्याच आठवड्यात डीपी गेली होती. मी म्हणालो, "काका, मी एक बोर्ड बसवतो. लाईट आल्यावर तुमची मोटार लगेच चालू होणार नाही, थोडी थांबून होईल. असं प्रत्येकानं वेगवेगळ्या वेळी थांबलं तर डीपी जळायची नाही."

"थांबायचं काम ऑटोस्विचला टायमर लावून व्हत न्हाई का?" काकांनी विचारलं.

होतं. तसे डबे बाजारात मिळतातही. पण मी इंजिनिअर असल्यामुळे या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं आणि बीगलबोन ब्लॅक नावाचा बोर्ड मागवला.

हा बोर्ड २०१३ साली निघाला. एटीएम कार्डाएवढा आकार, एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि पोटात लिनक्स. विहिरीवरची मोटार चालू-बंद करण्यासाठी जगात एवढी बुद्धी कुणी खर्च केली नसेल. पण बुद्धी जेवढी जास्त तेवढं उठायला जड, हा नियम त्यालाही लागू होता. करंट मिळाल्यापासून लिनक्स चालू होईपर्यंतचा जो कारभार आहे तो बूटलोडर बघतो, आणि मला तोच कॉन्फिगर करायचा होता.

"काय करूलालास?" काका रोज विचारायचे.

"बूटलोडर कॉन्फिगर करतोय."

"ते काय ऱ्हातंय?"

मी समजावून सांगितलं. करंट आला की चिपच्या आत कायमचा कोरलेला एक बारकासा प्रोग्राम उठतो. त्याला फारसं काही येत नाही. बाहेर ५१२ एमबी रॅम आहे, हेही त्याला माहीत नसतं. ती अजून झोपलेली असते. तो फक्त एमएलओ नावाची एक छोटी फाइल शोधून चिपमधल्या चिमूटभर मेमरीत आणून ठेवतो. एमएलओ रॅमला उठवतो आणि यू-बूटला हाक मारतो. यू-बूट हा खरा बूटलोडर. वोल्फगांग डेंक नावाच्या एका जर्मन गृहस्थानं सुरू केलेला, आणि आज जगभरच्या कितीतरी डब्यांत मुकाट्यानं राबणारा. तो लिनक्सचा कर्नल आणतो, बोर्डावर काय-काय जोडलंय याची यादी त्याच्या हातात देतो आणि स्वतः निघून जातो. मग कर्नल उठतो, मग बाकीचं लिनक्स, मग माझा प्रोग्राम, मग रिले, मग स्टार्टर, मग मोटार, मग पाणी.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आन मधीच लाईट गेली तर?"

"पुन्हा पहिल्यापासून."

"मंग वसमतमधी ह्याचं शेवटचं टोक कुनी बघितलंय का आजवर?" काका म्हणाले. थोडा विचार करून पुढे म्हणाले, "म्हनजे ऑटोस्विचच की रे हे."

चार वर्षांची पदवी आणि त्यानंतरचा अनुभव एका वाक्यात आटोपला. नाही म्हणायला जागाही नव्हती, कारण यू-बूटमध्ये या गोष्टीला अधिकृतपणे ऑटोबूट असंच म्हणतात.

काम सुरू करायचं तर बोर्डाला करंट द्यायला हवा. तो मिनी-यूएसबी केबलनं द्यायचं मी ठरवलं. मायक्रो-यूएसबी २००७ मध्येच आलं होतं, तरी सहा वर्षांनी निघालेल्या या बोर्डाला कुणी तरी मिनीचं तोंड दिलं. का दिलं ते देणारा जाणे. बोर्डाबरोबर आलेली केबल उंदरांनी कुरतडली. मग मी बाजारात निघालो.

पहिल्या मोबाईलच्या दुकानात तरुणानं टाइप-सी पुढे केली. "ही घ्या भैया, फास्ट आहे."

"हिचं तोंड बसत नाही."

"बसवू की," तो म्हणाला, आणि खरोखरच ड्रॉवरमध्ये कानस शोधू लागला. मी बोर्ड घेऊन पळालो. दुसऱ्या दुकानात सांगितलं, "ते जुनं, कॅमेऱ्याचं. आता कंपनीनं बंद केलं." कोणत्या कंपनीनं, हे आपल्याकडे कधीच विचारायचं नसतं. 'कंपनीनं बंद केलं' म्हटलं की विषय संपतो. शेवटी एका फोटो स्टुडिओत केबल सापडली. त्यांचा एक जुना कॅमेरा तिच्यावर चालतो. मालक सज्जन. विकायला तयार नाहीत, पण उसनी द्यायला तयार. अट एकच, ऑर्डरच्या आदल्या संध्याकाळी केबल परत आली पाहिजे.

झालं. लग्नसराई सुरू झालेली. त्या दिवसापासून माझं बूटलोडरचं काम पंचांगावर चालू लागलं. दाट तिथी आली की प्रकल्प बंद. गुरू-शुक्राचा अस्त कधी आहे हे मी कालनिर्णयात बघू लागलो. आईला वाटलं, मुलाला धर्माची गोडी लागली. पुण्याहून मित्राचा फोन आला, "काय रे, किती झालं काम?" मी म्हणालो, "परवा मुहूर्त नाही, परवा करतो." त्यानं फोन ठेवून दिला. मी गावी जाऊन पुरता बिघडलो, असं त्यानं आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कळवलं.

बोर्ड आतून काय म्हणतोय हे ऐकायचं तर त्याच्यावरच्या एका सहा पिनांच्या ओळीतल्या तीन पिनांना वायरी जोडाव्या लागतात. एक ग्राउंड, आणि बोलायची-ऐकायची वायर उलटसुलट. त्याचं बोलणं आपल्या ऐकण्याला, आपलं बोलणं त्याच्या ऐकण्याला. वेगही दोन्हीकडे एकच लागतो, ११५२०० बॉड. वेग चुकला की स्क्रीनवर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं येतात. शेजारचे निवृत्त गुरुजी हे बघायला आले होते. ते चष्मा सावरून म्हणाले, "हे मोडीत आहे." मी वेग बदलला. इंग्रजी उमटलं. गुरुजींच्या चेहऱ्यावर किंचित निराशा दिसली. मोडी वाचता येणारे गावात ते एकटेच उरलेत.

मग बटणाचा प्रसंग आला. मेमरी कार्डावरून बोर्ड उठवायचा तर त्याच्यावरचं एक बारीक बटण दाबून धरायचं आणि दाबलेलं असतानाच करंट द्यायचा. नुसतं रिसेट दाबून भागत नाही. बटण दाबलंय की नाही हे चिप फक्त करंट येतानाच बघते, नंतर विचारतही नाही. एका हातानं बोर्ड, दुसऱ्यानं बटण, तिसऱ्यानं केबल. तिसरा हात म्हणून काकांना बोलावलं. ते हळद शिजवण्याच्या कुकरपासून उठून आले होते. त्यांचं पिवळंधमक बोट त्या बटणावर ठेवलं, तर बटणासकट शेजारचा नेटवर्कचा सॉकेटही दिसेनासा झाला.

"सोडू का?"

"नका सोडू."

"आता?"

"नका."

"आता तरी?"

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. मोंढ्यातून आडत्याचा फोन होता. हळदीचा भाव निघाला असताना कुठलंही बटण दाबून ठेवणं शेतकऱ्याला शक्य नसतं, आणि ते योग्यही नाही. बोट उचललं गेलं. स्क्रीनवर एक इंग्रजी सी उमटला. मग आणखी एक. मग ओळीनं सी सी सी सी सी.

हा त्या चिपचा स्वभाव आहे. कुठेच काही सापडलं नाही की ती वायरीवर सी पाठवत बसते. म्हणजे कुणी तरी मला इथूनच प्रोग्राम पाठवा. पण आई तेव्हा चहा घेऊन आली होती. तिनं स्क्रीन बघितली आणि विचारलं, "ठेचा खाल्ला का रे ह्यानं?"

पुढच्या बिनमुहूर्ताच्या दिवशी यू-बूट उठला आणि उठल्याउठल्या त्यानं इशारा दिला: बॅड सीआरसी, यूजिंग डीफॉल्ट एन्व्हायर्नमेंट. याचा अर्थ एवढाच, की अजून कोणतीही सेटिंग साठवलेली नाही, म्हणून मूळची वापरतो. एकदा साठवली की इशारा जातो. पण गुरुजींनी 'बॅड' हा शब्द वाचला होता. ते संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. "वाईट असं स्पष्ट लिहिलंय. लिहिणारा मूर्ख नसतो. आधी काय वाईट आहे ते शोध, मग पुढं जा." मी सेटिंग साठवली, इशारा गेला. गुरुजी म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

त्यानंतर 'स्टार्टिंग कर्नल' असे शब्द आले, पुढे तीन टिंबं आली आणि जग थांबलं. या तीन टिंबांपाशी एम्बेडेडमधली किती तरी तरुण माणसं म्हातारी झाली आहेत. दोष बहुधा कर्नलचा नसतो. तो कुठल्या तोंडानं बोलणार हे बूटलोडरनं त्याला सांगायचं असतं. जुन्या कर्नलमध्ये त्या तोंडाचं नाव टीटीवाय-ओ-शून्य. इंग्रजी ओ आणि त्याच्या शेजारी शून्य, बघताना दोन्ही सारखेच. नव्या कर्नलमध्ये ते टीटीवाय-एस-शून्य झालं. नाव जुनं दिलं की नवा कर्नल उठतो, सगळी कामं करतो, फक्त आपल्याशी अवाक्षर बोलत नाही. मी हे काकांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच बोर्डाकडे आदरानं बघितलं.

"म्हनजे काम समदं करतंय, पन बोलत न्हाई?"

"हो."

"मंग ह्याला आता हात लावू नको."

पण मी हात लावला. बोलका झालेला बोर्ड घेऊन आम्ही रानात गेलो. मोटार उशिरा चालू करण्यासाठी मी वेगळा प्रोग्रामसुद्धा लिहिला नाही. कर्नलला हाक मारण्याआधी यू-बूट काही सेकंद उलटे मोजतो. तेवढ्या वेळात कुणी कळ दाबली तर थांबतो, नाही तर पुढे जातो. या सेकंदांना बूटडिले म्हणतात. मूळचा आकडा दोनेक सेकंदांचा असतो, पण तो हवा तेवढा वाढवता येतो. काकांना तीस सेकंद, त्यांच्या पुढच्याला साठ, त्याच्या पुढच्याला नव्वद. कागदावर इतकं सुंदर दिसत होतं की मी तो कागद दोनदा फेअर केला.

डीपीखाली बैठक बसली. कल्पना सगळ्यांना एकदम पसंत पडली. "असं आधीच कुनी का केलं न्हाई?" असंही एक जण म्हणाला. मग मी आकड्यांची यादी वाचली.

"मला नव्वद कामून?"

"कुणाला तरी नव्वद पाहिजेच ना."

"मंग त्याला दे. त्याची मोटार साडेसातची हाय, माझी पाचची. बारक्यानं आधी जावं."

"मोठ्याला पाणी जास्त लागतंय, मोठ्यानं आधी जावं."

बैठक मोडली. पण खरी बैठक त्यानंतर सुरू झाली. रात्री एकेक जण घरी येऊ लागला. चहा घ्यायचा, पावसाचं बोलायचं, उठता उठता दारात थांबून हळूच म्हणायचं, "त्यो आकडा तेवढा बघ जरा. माझा शून्य कर. बाकीच्यांचं तू ठरवलंय तेच बराबर हाय." असा प्रत्येक जण. शेवटी काकाच आले. म्हणाले, "बोर्ड माझ्या पुतन्यानं बनवायचा आन मी तीस सेकंद थांबायचं? लोक काय म्हनतील?"

भावकीतल्या एका दादांनी तर विचारलं, "शून्याच्या खाली जातंय का?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण विषय माझ्या आवडीचा निघाला. मी उत्साहानं सांगितलं, की जातं. यू-बूटमध्ये बूटडिले वजासुद्धा असतो. वजा एक दिला की यू-बूट उठून बसतो, पण कर्नलला कधीच हाक मारत नाही, जन्मभर थांबून राहतो. वजा दोन दिला की एक क्षणही थांबत नाही, कळ दाबली तरी ऐकत नाही, सुसाट निघून जातो.

"वजा एक म्हनजे कायमचं थांबलं, आन वजा दोन म्हनजे सगळ्यांच्या आधी?"

"हो."

"मला वजा दोन दे."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वजा दोनची बातमी कालव्याच्या पलीकडे गेली होती. ज्यांची डीपी वेगळी, ज्यांना बोर्ड म्हणजे काय माहीत नाही, तेही 'वजा दोनवाला' मिळेल का विचारू लागले. मी हात जोडून सांगितलं, की सगळ्यांना वजा दोन दिला तर सगळ्या मोटारी परत एकदमच उठतील. आज ऑटोस्विच करतोय तेच होईल, फक्त कितीतरी पट महाग.

"चालंल की," काका म्हणाले.

मी काकांना न सांगता तीसच ठेवले. त्यांनी मोजायला सुरुवात केली असती तर पंचाईत होती, पण त्यांची मोटार वेगळ्याच कारणानं गाजली. लाईट आली, चारी बाजूंच्या मोटारी गुरगुरल्या आणि काकांची मोटार शांत. जाऊन बघतो तर यू-बूट आपला उठून आज्ञेची वाट बघत बसलेला. कुणी तरी कळ दाबली असावी तसा. पण रानात कीबोर्ड नव्हता, माणूसही नव्हता. कारण नंतर कळलं. बोर्डाच्या ऐकायच्या पिनेला मी वायर लटकती ठेवली होती, आणि जवळच शेजाऱ्याच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर होता. तो ठिणगी टाकून बसला की त्या वायरीत काहीतरी वळवळ होते. 'कोणतीही कळ दाबा' असं यू-बूट म्हणतो, आणि त्याला खरोखर कोणतीही चालते. शेजाऱ्याच्या स्टार्टरची ठिणगीसुद्धा.

यावर यू-बूटमध्येच उपाय आहे. कोणत्याही कळीऐवजी ठरलेला शब्द टाइप केला तरच थांबायचं, असं कॉन्फिगर करता येतं. ठिणगीला स्पेलिंग येत नाही. "गुप्त शब्द हवा," मी म्हणालो. काका तात्काळ म्हणाले, "हळद." मग हळदीचं इंग्रजी स्पेलिंग कसं करायचं यावर गुरुजी आणि माझा मावसभाऊ यांच्यात वाद झाला. शेवटी गुरुजींचं मान्य झालं, कारण मावसभाऊ तालुक्याचा नव्हता. मी काकांना बजावलं, की हा शब्द कुणाला कळता कामा नये. त्यांनी मान डोलावली आणि विसरायला नको म्हणून खडूनं स्टार्टरच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला, वायरमनच्या मोबाईल नंबरच्या वर.

त्यानंतरच्या हंगामात डीपी परत एकदा जळाली. वर्गणी काढताना पारावर कुणीतरी माझ्या बोर्डाचं नाव घेतलं. ते साफ खोटं आहे. त्या वेळी बोर्ड आमच्या घरी टेबलावर बिनकरंटचा पडला होता, कारण तालुक्यात त्या दिवशी सतरा लग्नं होती आणि केबल स्टुडिओत गेली होती. काकांच्या विहिरीवर त्या रात्री त्यांचा जुना ऑटोस्विच जोडलेला होता.

काम आता बरंचसं झालंय. थोडीशी सेटिंग साठवायची बाकी आहे आणि तिथीही बऱ्या आहेत. तरी वसमतकडे येणारं कुणी असेल आणि तुमच्या कपाटात जुन्या कॅमेऱ्याची मिनी-यूएसबी केबल नुसतीच पडून असेल, तर येताना तेवढी आठवणीनं घेऊन या. बदल्यात घरची हळद देईन, पॉलिश केलेली, पाहिजे तेवढी. वजा दोन मात्र मागू नका.